हिंगूळ आणि हरताळ

खारघरहून गाडी सुटता सुटता मी शब्दसूचीच्या फाइलमध्ये एक स्वल्पविराम टाकला. तो पडद्यावर उमटला तेव्हा बेलापूरचा फलाट दिसायला लागला होता. हार्बरवर या दोन स्टेशनांमध्ये तीन-चार मिनिटांचंच अंतर आहे, पण एका स्वल्पविरामाला तेवढा वेळ म्हणजे फारच झालं. शेजारच्या बाईंनी सहानुभूतीने विचारलं, “हँग झाला का हो?” मी मान हलवली. खरं तर लॅपटॉप हँग झालेला नव्हता. मी सांगितलेलं काम तो इमानेइतबारे करत होता. काम मीच चुकीचं सांगितलं होतं.

फाइल मराठी शब्दांची होती, ४२,००० ओळींची. ओळीत आधी शब्द, मग व्याकरणाची खूण (पु., स्त्री., न., क्रि.), मग अर्थ आणि शेवटी वापराचं उदाहरण. असला मजकूर दिवसभर वाचायचा तर डोळ्यांना काहीतरी आधार लागतो. म्हणून ईमॅक्समध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून मी शब्द निळा, खूण राखाडी आणि उदाहरण हिरवं करून घेतलं होतं. आठवडाभर ते फार देखणं दिसलं. आणि मग स्वल्पविरामाला बेलापूर लागायला लागलं.

ही पुस्तिका त्या आठवड्यातून निघाली. मजकुराला रंग देणं, अक्षर ठळक करणं, एखादा भाग झाकणं, शोधलेला शब्द उजळणं या सगळ्याला इथे ‘शैली’ म्हटलं आहे. आणि शैलीची किंमत कुठे, कधी आणि किती मोजावी लागते हा तिचा विषय. वाचणाऱ्याला प्रोग्रामिंगचा थोडा सराव आहे असं पुढची प्रकरणं धरून चालतात. ही प्रस्तावना तसं काही धरत नाही. नुसती उत्सुकता असलेल्या माणसालाही ती वाचता यावी.

ईमॅक्स म्हणजे मजकूर लिहिण्याचा, दुरुस्त करण्याचा प्रोग्राम. त्याचं मूळ १९७६ सालच्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत आहे. आज जो वापरला जातो तो जीएनयू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली लोकांच्या हाती दिला. त्याच्यासारखे दुसरे एडिटर पुष्कळ आहेत आणि त्यातले बरेचसे दिसायला जास्त चांगले आहेत. पण ईमॅक्स हा चालू असतानाच बदलता येतो. त्याचा बहुतेक भाग लिस्प या भाषेत लिहिलेला आहे आणि ती लिस्प वापरणाऱ्यापुढे उघडी असते. भाड्याच्या घरात खिळा ठोकायलाही मालकाला विचारावं लागतं. इथे तुम्ही पाया खणू शकता, चालू जेवणात ओटा हलवू शकता. छप्पर अंगावर आलं तर तक्रार कुणाकडे करायची, एवढं मात्र विचारायचं नाही.

रंगांच्या बाबतीत हे स्वातंत्र्य फार लवकर अंगाशी येतं. वर्डमध्ये आपण शब्द निवडतो, लाल करतो आणि विसरतो. ईमॅक्समध्ये ‘लाल कर’ एवढं सांगून भागत नाही. लाल आहे ही नोंद कुठे ठेवायची, हेही सांगावं लागतं. तिथे दोन रस्ते फुटतात. ते समजावून घेताना मला कुठल्याही इंग्रजी पुस्तकापेक्षा आपल्या जुन्या पोथ्यांचा उपयोग जास्त झाला.

हस्तलिखित पोथी ज्यांनी जवळून पाहिली आहे त्यांना दोन रंग आठवतील. एक लाल. काळ्या शाईचा मजकूर चालू असतो आणि मध्येच श्लोकाचा आकडा, ‘उवाच’ हा शब्द किंवा अध्यायाच्या समाप्तीची ओळ हिंगुळाने लिहिलेली असते. दुसरा रंग पिवळा. लेखकू चुकला की खरवडत बसत नसे. चुकलेल्या अक्षरांवर हरताळाचा लेप देत असे. हरताळ हे आर्सेनिकचं पिवळं खनिज, पोथीच्या कागदाच्या रंगाशी मिळतंजुळतं. अक्षर त्याखाली झाकलं जाई. नियमांना हरताळ फासला, असं आपण रोज वर्तमानपत्रात वाचतो तो हाच हरताळ. (संपाचा हरताळ वेगळा, तो हाटाला टाळा लावण्यातून आला.)

आता ही पोथी नकलून घ्यायला दुसरा लेखकू बसला आहे असं समजा. लाल शब्द तो लाल शाईनेच उतरवणार, कारण ‘लाल असणं’ हा त्या शब्दाचाच भाग आहे. हरताळ मात्र तो उतरवत नाही. मूळ पोथीत तिथे पिवळा डाग आहे; नकलेत डागही नाही आणि खालची चूकही नाही. हिंगूळ मजकुराबरोबर प्रवास करतो. हरताळ त्या एका पोथीच्या त्या एका पानावर राहतो.

ईमॅक्समधली ‘टेक्स्ट प्रॉपर्टी’ म्हणजे हिंगूळ आणि ‘ओव्हरले’ म्हणजे हरताळ. दोन्ही १९९३च्या एकोणिसाव्या आवृत्तीत आले आणि दोन्ही आजवर टिकून आहेत. पडद्यावर बघून कुठला रंग कशाने दिला आहे हे ओळखता येत नाही. निळा तो निळाच. फरक कळतो तो मजकूर कापला, चिकटवला, मागे घेतला की मग, नाहीतर गाडी बेलापूरला पोचते तेव्हा.

टेक्स्ट प्रॉपर्टी अक्षरांना चिकटलेली असते. शब्द कापून दुसऱ्या फाइलमध्ये चिकटवला तर रंग बरोबर जातो. शब्द पुसला आणि ‘अनडू’ केलं, तर रंगासकट परत येतो. लाल शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून पुढे टंकायला लागलात की नवी अक्षरंही लाल होत जातात, कारण प्रॉपर्टी मागच्या बाजूने चिकट असते; हा चिकटपणा काढता येतो, पण तो आहे हे आधी ठाऊक असावं लागतं. आतमध्ये या नोंदी एका संतुलित वृक्षात ठेवलेल्या असतात. फाइलमध्ये रंगाचे लाखभर तुकडे असले तरी अमुक जागी कुठला रंग आहे हे शोधायला लाखभर नोंदी चाळाव्या लागत नाहीत. फांदीफांदीने उतरत दहावीस पायऱ्यांत उत्तर मिळतं.

तिचा तोटा वेगळ्याच बाजूला आहे. प्रॉपर्टी हा मजकुराचाच भाग धरला गेल्यामुळे रंग बदलणं म्हणजे मजकूर बदलणं ठरतं. एकही अक्षर न बदलता नुसता रंग दिलात तरी ईमॅक्स फाइल ‘बदललेली’ समजतो, अनडूच्या यादीत नोंद करतो, आणि बदलावर लक्ष ठेवून बसलेल्या इतर प्रोग्रामांना उठवतो. रंगांचं काम करणारे जाणते लोक म्हणून ते सगळं ‘विथ-सायलेंट-मॉडिफिकेशन्स’ या आवरणात गुंडाळतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात ते नव्हतं. फाइल उघडली की लगेच ‘सेव्ह करायची का?’ असा प्रश्न येई आणि मी काय बदललं हे मलाच कळत नसे.

शिवाय आणखी एक खोड, जिच्यावर नवशिक्यांचे तासन्‌तास जातात. ईमॅक्सचा स्वतःचा रंगारी, फॉन्ट-लॉक, ‘फेस’ नावाच्या प्रॉपर्टीत रंग ठेवतो. तुम्हीही हाताने त्याच प्रॉपर्टीत रंग ठेवलात तर तो क्षणभर दिसतो आणि फॉन्ट-लॉक पुढच्या फेरीला आला की पुसून जातो. त्याच्या दृष्टीने तो त्याचा फळा आहे. तुमचं अक्षर राहावं असं वाटत असेल तर ‘फॉन्ट-लॉक-फेस’ या वेगळ्या नावाने लिहावं लागतं. ही गोष्ट मला सांगणारं कुणी भेटलं असतं तर माझा एक अख्खा रविवार वाचला असता. पुस्तिकेचं दुसरं प्रकरण त्या रविवारावर आहे.

त्या रविवाराला कंटाळूनच मी ओव्हरलेकडे वळले.

ओव्हरले मजकुराला शिवत नाही. तो मजकुरावर पसरलेला पारदर्शक कागद आहे, या जागेपासून त्या जागेपर्यंत. फाइल बदललेली ठरत नाही, अनडूत काही जात नाही, फॉन्ट-लॉक त्याला हात लावत नाही. एकावर एक कितीही पसरता येतात आणि वर कोण, खाली कोण हे ठरवता येतं. एकाच फाइलच्या दोन खिडक्या उघडल्या असतील तर ओव्हरले एकीत दाखवून दुसरीत लपवता येतो, जे प्रॉपर्टीला इतक्या सहज जमत नाही. कर्सरच्या ओळीवरची पट्टी, शोधाने उजळलेला शब्द, जोडीचा कंस, चुकीच्या स्पेलिंगखालची रेघ ही सगळी ईमॅक्समधली हरताळाची कामं आहेत. क्षणभर लावायचं आणि काढून घ्यायचं.

माझी चूक अशी, की क्षणभराची वस्तू मी कायमची लावली. ओळीला तीन ओव्हरले, ४२,००० ओळी. म्हणजे १,२६,०००. त्यात मी फाइल कधी बंद करत नसे. लॅपटॉप नुसता मिटायचा आणि दुसऱ्या दिवशी उघडायचा. रोज सकाळी बसले की सवयीने रंगवण्याची आज्ञा एकदा चालवायची, काल भर घातलेल्या ओळी रंगाव्यात म्हणून. नवे ओव्हरले लावण्याआधी जुने काढायचे हे त्या प्रोग्राममध्ये लिहिलेलंच नव्हतं. निळ्यावर निळा लावला की निळाच दिसतो. पडद्यावर काही फरक नव्हता. आठव्या दिवशी फाइलमधले ओव्हरले मोजायला सांगितले, तेव्हा आकडा दहा लाखांच्या वर गेलेला होता. भिंतीला आठ हात रंग दिला होता आणि प्रत्येक हाताचं वजन छतावर होतं.

दहा लाख ही संख्या आजच्या संगणकाला मोठी नाही. पण ओव्हरले ठेवण्याची जुनी पद्धत वृक्षाची नव्हती, यादीची होती. कुठलीतरी एक जागा मध्यबिंदू धरायची, तिच्या अलीकडचे ओव्हरले एका यादीत आणि पलीकडचे दुसऱ्या यादीत. पडदा रंगवताना ईमॅक्सला पावलोपावली एकच प्रश्न पडतो: इथून पुढे रंग कुठे बदलतो? यादीत याचं उत्तर शोधायचं तर एकेक नोंद चाळत जावं लागतं. पडद्यावर पन्नास ओळी, ओळीत रंग बदलायच्या पाच-सहा जागा, आणि त्यातल्या प्रत्येक जागी लाखो नोंदींची चाळण. एका स्वल्पविरामापायी हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. ईमॅक्सच्या अधिकृत मार्गदर्शिकेत तेव्हा स्पष्ट इशारा होता की ओव्हरले फार झाले की काम त्यांच्या संख्येच्या प्रमाणात मंदावतं, तेव्हा पुष्कळ जागा रंगवायच्या असतील तर टेक्स्ट प्रॉपर्टी वापरा. तो मी वाचलेला होता. पुष्कळ म्हणजे किती, हे तिथे लिहिलेलं नव्हतं आणि आपलं काम आपल्याला नेहमी थोडंच वाटतं.

माझ्याकडे तेव्हा सत्ताविसावी आवृत्ती होती. २०२३ सालच्या एकोणतिसाव्या आवृत्तीपासून ओव्हरलेही वृक्षात ठेवले जातात. अँड्रियास पोलित्झ यांनी सुरू केलेलं हे काम मुख्य ईमॅक्समध्ये यायला काही वर्षं गेली. त्यामुळे आज एखादा तज्ज्ञ म्हणेल की हा भेद जुना झाला, आता काहीही वापरा. मला ते पटत नाही. यादीचा प्रश्न सुटला, पण हिंगूळ तो हिंगूळ आणि हरताळ तो हरताळच राहिला. ओव्हरलेखालचा मजकूर पुसला की ओव्हरले शून्य लांबीचा होऊन तिथेच पडून राहतो, ‘एव्हॅपोरेट’ हा गुण दिला नसेल तर. मजकूर अनडूने परत आणला तरी तो पुन्हा पसरत नाही. असे रिकामे ओव्हरले साचत गेले की कचरा उचलणाऱ्या यंत्रणेवर भार पडतो. आणि मी तर तेच तेच ओव्हरले पुन्हा पुन्हा लावत होते. वृक्ष आला असता तर ती चूक आठव्या दिवसाऐवजी ऐंशीव्या दिवशी उघडी पडली असती, इतकंच.

या दोघांना एकत्र का करत नाहीत, हा प्रश्न नेहमी येतो. एकत्र करून पाहिलेलं आहे. १९९२ साली ल्युसिड या कंपनीने ईमॅक्सची स्वतःची शाखा काढली, जी पुढे एक्सईमॅक्स म्हणून चालली. तिच्यात ‘एक्स्टेंट’ नावाची एकच वस्तू दोन्ही कामं करी. जीएनयू ईमॅक्सने ते जाणूनबुजून घेतलं नाही. तुकडा ही स्वतंत्र वस्तू मानली की शब्द अर्धा कापून नेल्यावर त्या वस्तूचं काय करायचं, असे प्रश्न पडतात, आणि त्यांची सर्वांना पटतील अशी उत्तरं नाहीत. अक्षराचा गुण अक्षराबरोबर जातो, या नियमात तसली भानगड नाही. यात बरोबर कोण यावर लोक अजून भांडतात. मी पोथीच्या बाजूने आहे.

कुठे ठेवायचं हे झालं. दुसरा प्रश्न कधीचा. माझा प्रोग्राम ४२,०००च्या ४२,००० ओळी एका दमात रंगवत होता. मी मात्र एका वेळी पन्नासच ओळी बघू शकते. सुरुवातीच्या काळात फॉन्ट-लॉकही असाच सगळी फाइल उघडतानाच रंगवी आणि मोठी फाइल उघडली की चहा टाकून यायला वेळ मिळे. त्यावर तोडगे निघाले. फास्ट-लॉक रंगांची नोंद डिस्कवर साठवून ठेवी. लेझी-लॉक दिसेल तेवढंच रंगवी. मग २००१च्या एकविसाव्या आवृत्तीत गेर्ड म्योलमन यांचं जिट-लॉक आलं. आज सगळे तेच वापरतात, नाव ठाऊक नसलं तरी. पडदा काढताना एखादा भाग अजून रंगवलेला नाही असं दिसलं की त्याच क्षणी तेवढाच भाग रंगवायचा आणि ‘रंगवलं’ अशी खूण मारून पुढे जायचं. ही खूणही टेक्स्ट प्रॉपर्टीच असते. अक्षर बदललं की खूण पुसायची. उरलेली फाइल वाट पाहू दे.

यातली गंमत अवतरणचिन्हाची. फाइलच्या वरच्या बाजूला एक अवतरण उघडलंत की तत्त्वतः खालचा सगळा मजकूर अवतरणात गेला, म्हणजे सगळ्याचा रंग बदलायला हवा. पण तुम्ही ते चिन्ह लगेच बंद करणारच असता. म्हणून जिट-लॉक चालू ओळ ताबडतोब रंगवतो आणि खालच्या ओळींसाठी अर्धा सेकंद थांबतो. तेवढ्यात तुम्ही अवतरण मिटलंत तर ते काम वाचलं. हा अर्धा सेकंद मला ईमॅक्समधल्या सगळ्यांत शहाण्या आकड्यांपैकी एक वाटतो. माणूस अजून लिहितो आहे, हे त्याने हिशेबात धरलं आहे.

रंग आधी की अक्षर आधी, यावर माझं मत ठाम आहे. रंग उशिरा आला तर डोळा सांभाळून घेतो. अक्षर उशिरा आलं तर हात थांबतो, आणि हात थांबला की वाक्य गेलं. म्हणून जोरात खाली जाताना रंग मागाहून आले तरी चालतील असं ज्यांना वाटतं त्यांनी जिट-लॉकला थोडी उशिराची मुभा द्यावी. पुस्तिकेत ती कशी द्यायची ते आहे.

रंग कशाला द्यायचा हे ओळखण्याचा खर्च तिसरा. फॉन्ट-लॉक मुख्यतः रेग्युलर एक्स्प्रेशनवर, म्हणजे मजकुराच्या साच्यांवर चालतो. साचा सैल असला तर जुळतं का, नाही, मग असं जुळतं का, असं मागे-पुढे करत यंत्र दमतं. लांब ओळीवर तर फारच. एका ओळीत काही लाख अक्षरं असलेली फाइल उघडणं हे ईमॅक्सचं जुनं दुखणं. एकोणतिसाव्या आवृत्तीत त्यावर बराच इलाज झाला. त्याच आवृत्तीत ट्री-सिटर आलं. ते साचे न शोधता व्याकरणाने पदपरिचय करतं आणि मजकूर बदलला की बदललेल्या भागापुरताच परिचय पुन्हा करतं. प्रोग्रामच्या कोडसाठी ते उत्तम आहे. माझ्या शब्दसूचीला त्याची गरज नव्हती. ओळीत तीन दांडे आणि त्यांच्यामधले तुकडे एवढंच तिचं व्याकरण. साध्या कामाला साधा साचा पुरतो, तो फक्त ओळीच्या सुरुवातीला घट्ट बांधलेला असावा.

इथवरचं सगळं इंग्रजी मजकुरालाही लागू आहे. आता देवनागरी.

‘क्षत्रिय’ हा शब्द घ्या. कागदावर तीन अक्षरं: क्ष, त्रि, य. फाइलमध्ये आठ: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, ऱ्हस्व इकार, य. प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे चोवीस. या आठांतून पडद्यावरची तीन करायची आणि शेवटी टंकलेली वेलांटी ‘त्र’च्या आधी नेऊन काढायची, हे काम फॉन्ट आणि आकार बसवणारी यंत्रणा मिळून करतात. ईमॅक्समध्ये देवनागरी आणली ती जपानी मंडळींनी. हांदा केन-इची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहुभाषिक ईमॅक्सचा पाया घातला आणि देवनागरीची जुळणी कावाबाता ताइची यांनी लिहिली. २०२०च्या सत्ताविसाव्या आवृत्तीपासून आकार बसवण्याचं काम हार्फबझ हे ग्रंथालय करतं, जे फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्येही आहे.

हे काम महाग आहे, म्हणून एकदा जुळवलेला अक्षरसमूह ईमॅक्स लक्षात ठेवतो. ‘त्रि’ दुसऱ्यांदा आला की तयार आकार उचलायचा. ही आठवण फॉन्टनिहाय असते. आणि मराठी मजकूर रंगवणाऱ्याला एवढी एक गोष्ट कळली तरी ही पुस्तिका लिहिल्याचं चीज झालं असं मी म्हणेन. शब्द निळा केला तर फॉन्ट तोच राहतो, आकार तोच, फक्त रंग वेगळा. शब्द ठळक केला तर फॉन्ट बदलला. प्रत्येक जोडाक्षर त्या फॉन्टात नव्याने जुळवायला हवं. आकारमान मोठं केलं तरी तेच, वर ओळीची उंची बदलते आणि खाली-वर जाताना हिशेब वाढतो. रोमन लिपीत ठळक आणि रंगीत यांच्या खर्चात फारसा फरक जाणवत नाही. देवनागरीत जाणवतो.

ठळकपणाबद्दल तसाही माझा आकस आहे, आणि तो एका फॉन्टापासून सुरू झाला. खारघर स्टेशनसमोर, रेनट्री मार्गावर, सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेचं केंद्र आहे. सी-डॅकची मुंबई शाखा म्हणजे पूर्वीची एनसीएसटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून निघून १९८५ साली, म्हणजे जीएनयू ईमॅक्सच्याच वर्षी, ती स्वतंत्र झाली. भारतीय लिपी लिनक्सच्या पडद्यावर नीट उमटाव्यात म्हणून ‘इंडिक्स’ नावाचा प्रकल्प तिथे झाला. आणि तिथेच, आयआयटीतल्या अध्यापनानंतर, सुलेखनकार र. कृ. जोशी काम करत होते. विंडोज २०००बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. २००८ साली ते गेले. संगणकावर पहिलं मराठी अक्षर मंगलमध्ये वाचलेली आमची एक अख्खी पिढी आहे. विंडोज एक्सपीच्या काळात मंगलची ठळक आवृत्ती वेगळी नव्हती. ‘बोल्ड’चं बटण दाबलं की यंत्र तीच अक्षरं सरसकट जाड करून दाखवी. ‘ष्ठ’ आणि ‘क्ष’च्या पोटातल्या जागा बुजून जात, अनुस्वार शिरोरेषेला टेकत. कोऱ्या जागा हासुद्धा अक्षराचा भाग आहे, हे एका कसलेल्या सुलेखनकाराच्या अक्षरांवर झालेल्या त्या अत्याचारामुळे मला कळलं. तेव्हापासून मराठीत जोर द्यायचा असेल तर मी रंग वापरते. तो स्वस्तही आहे, हे मागाहून कळलं.

देवनागरीतला दुसरा पेच अजून सुटलेला नाही. फाइलमध्ये ‘त’ शोधलात आणि तो ‘त्रि’मध्ये सापडला, तर उजळायचं काय? यंत्राच्या लेखी ‘त’ ही स्वतंत्र जागा आहे आणि ओव्हरले तिच्यापुरता पसरता येतो. डोळ्यांच्या लेखी तिथे ‘त’ नाहीच, ‘त्रि’ आहे. अख्खा ‘त्रि’ उजळावा तर न शोधलेलंही उजळतं. ‘त’पुरतं उजळायला जावं तर जोडाक्षर फोडावं लागतं. कुठलाही निर्णय घ्या, कुणीतरी नाखूष होणारच. माझ्या प्रोग्राममध्ये मी रंगाची सीमा नेहमी अक्षरसमूहाच्या कडेला नेऊन ठेवते. त्यासाठी लागणाऱ्या चार ओळी शेवटच्या प्रकरणात आहेत. त्या थोडा वेळ खातात, पण तो मी मोजून पाहिला आहे.

मोजण्याबद्दल दोन शब्द. ईमॅक्समध्ये प्रोफायलर घरचाच आहे: तो सुरू करायचा, ज्या कृतीला वेळ लागतो ती करायची, आणि अहवाल मागायचा. कुठल्या फंक्शनने किती वेळ खाल्ला ते झाडासारखं उलगडून दिसतं. मी तो दोन दिवस उशिरा चालवला. त्या दोन दिवसांत फॉन्ट बदलून पाहिला, थीम बदलून पाहिली, लॅपटॉप जुना झाला म्हणून घरी भुणभुणही करून झाली. म्हणून पुस्तिकेत प्रोफायलरचं प्रकरण पहिलं आहे. कंटाळवाणं आहे, पण गाळू नका.

त्या फाइलचं पुढे काय झालं ते सांगते. दहा लाख ओव्हरले काढून टाकायला एक आज्ञा पुरली. मूळ प्रोग्राम दीडशे ओळींचा होता. त्याच्या जागी फॉन्ट-लॉकचे तीन साचे आले, सगळे मिळून अकरा ओळी. ओव्हरले आता दोनच कामांना लावते: कर्सरच्या ओळीवरची पट्टी, आणि ज्या शब्दाबद्दल संपादकांना विचारायचं आहे त्याच्यावर एक पिवळा ठिपका. ठिपका हरताळाचाच घेतला आहे, रंगसुद्धा. फाइल प्रकाशकाकडे जाते तेव्हा तो बरोबर जात नाही. मध्यंतरी एकदा जायला हवा होता. ‘वेठ’ या शब्दाच्या लिंगाबद्दलची माझी शंका ठिपक्यातच राहिली आणि शब्द तसाच छापून आला.

खारघर,
श्रावण